धुक्याची नोंदवही

आज सकाळी समोरचा टॉवर नव्हता. त्याच्या शेजारचाही नव्हता. अल रीम आयलंडवरच्या आमच्या सव्विसाव्या मजल्यावरून रोज इमारतींची जी दाटी दिसते, तिच्या जागी नुसतं पांढरं होतं आणि त्यात एका क्रेनचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता. पहाटेच मोबाइलने ठणाणा करून घर उठवलं होतं: दाट धुकं आहे, वाहनं सावकाश चालवा. मिलिंद, माझा नवरा, चहाचा कप घेऊन खिडकीशी आला. "खलास! आज ऑफिसला पोचायला दीड तास," म्हणाला. मग माझ्याकडे बघून थबकला. "तू का गप्प?"

"मी धुक्यात बोलत नाही," मी म्हटलं. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

अबुधाबीत उन्हाळा सोडून दुसरा ऋतू असतो, हे पुण्यातल्या माझ्या बहिणीला अजून पटलेलं नाही. पण असतो. डिसेंबर सरता सरता वाळू रात्रीची गार पडते, समुद्र कोमटच राहतो, आणि दोघांचं जमेनासं झालं की पहाटे धुकं पडतं. चांगलं दाट, खारट, बाल्कनीच्या कठड्यावरून ठिबकणारं. चष्मा पुसून पुसून कंटाळा येतो. एसी बंद असल्याने घरात एक अनोळखी शांतता असते आणि लिफ्टची हालचालसुद्धा ऐकू येते. नऊ-दहापर्यंत ऊन येतं आणि सगळं जागच्या जागी परत मिळतं. बाकीच्यांना मिळतं. मला या दिवसांत दर वर्षी एक जुना हिवाळा परत मिळतो, आणि तो मी कुठे ठेवावा हे अजून कळलेलं नाही.

दोन हजार आठ संपत होतं तेव्हाची गोष्ट. मी एका बांधकाम सल्लागार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. नाव भारदस्त आहे, काम कारकुनाचं. आलेल्या प्रत्येक नकाशाला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, नवा नकाशा आला की जुन्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा, आणि कुठलाही कागद पुढे पाठवताना सोबत ट्रान्समिटल लावायचं. ट्रान्समिटल म्हणजे पाठवणीची चिठ्ठी: कुणी, कुणाला, काय, किती पानं, आणि खाली घेणाऱ्याची सही. सही झालेली प्रत परत माझ्याकडे. सहीशिवाय माझ्या टेबलावरून चिटोरंही हलत नसे. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

एफुआ त्याच ऑफिसात क्वांटिटी सर्व्हेयर होती. इमारत उभी राहण्याआधी तिच्यात किती काँक्रीट, किती सळई, किती काच लागेल ते मोजणारी. घानाच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावातली, माझ्याच वयाची, आणि हसली की दोन खोल्यांपलीकडचा मॅनेजर दार लावून घेई. आमची मैत्री झाली ती आमटीवरून. एका एकादशीला मी डब्यात वरी आणि दाण्याची आमटी आणली होती. तिने वास घेतला, न विचारता चमचा बुडवला आणि म्हणाली, "सिस्टर मेधा, हे तर आमचं शेंगदाण्याचं सूप! तुम्ही लोकांनी त्यातली कोंबडी कुठे हरवली?" त्यानंतर आम्ही रोज एकत्र जेवलो.

ती कथा लिहायची. जाड पुठ्ठ्याच्या हिरव्या वहीत, निळ्या पेनाने, बसमध्ये आणि जेवणाच्या सुट्टीत. आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या लेखकांच्या कथांचा एक मोठा संग्रह निघणार होता. उद्याच्या जगाच्या, न घडलेल्या पण घडू शकतील अशा गोष्टींच्या कथा. संपादकांनी नव्या लोकांकडून कथा मागवल्या होत्या. तिने हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आफ्रिकेत विज्ञानकथा लिहितात?"

"का?" ती म्हणाली. "भविष्यकाळाचा व्हिसा आम्हाला देत नाहीत का?"

मी ओशाळले. तिने मात्र माझ्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड उचलली आणि कथा सांगायला लागली.

तिच्या कथेतल्या गावात दर वर्षी एकदा धुकं उतरतं. त्या धुक्यात माणूस जे बोलतो ते हवेत तसंच राहतं आणि पुढच्या वर्षीचं धुकं ते परत बोलून दाखवतं, त्याच आवाजात. त्यामुळे गावात धुक्याचं एक सरकारी कार्यालय असतं. तिथे अराबा नावाची बाई नोकरीला आहे. खिडकीशी बसायचं, धुकं काय काय बोलतं ते ऐकायचं आणि नोंदवहीत लिहायचं, एवढंच तिचं काम. नियम एकच: धुक्याला उत्तर द्यायचं नाही. आणि एका वर्षी धुक्यातून तिला तिच्या आईचा आवाज येतो, परदेशी गेलेल्या आणि तिथेच वारलेल्या आईचा. आई तिला नावाने हाक मारते.

"मग? उत्तर देते का ती?" मी विचारलं.

"वाच ना मग. वाचशील तेव्हा कळेल." तिने वही मिटली. "ती अराबा मी तुझ्यावरून बेतलीय, सिस्टर. तुझ्या त्या शिक्क्यांवरून."

तेव्हा बसथांब्यापासून ऑफिसपर्यंत दहा मिनिटं चालावं लागे. दाट धुक्याच्या एका सकाळी तिने मला मध्येच थांबवलं. पुढचं माणूस दिसत नव्हतं. "बोल काहीतरी. पुढच्या वर्षी परत ऐकू येईल." ती गंभीर होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी बराच विचार केला आणि म्हटलं, "येताना मेथी आणायची आहे." ती हसत फुटपाथच्या कडेला खालीच बसली.

नंतर हसणं आटत गेलं. आमच्या कंपनीकडे दुबईतले तीन टॉवर होते. महिन्याभरात तिन्ही थांबले. मला नवा शिक्का बनवून आणायला सांगितलं, 'स्थगित'. मी तो मारत सुटले. दर गुरुवारी दुपारी, आठवडा संपताना, एकेकाला मीटिंगरूममध्ये बोलावत. आत जाताना माणसाच्या हातात वही-पेन असे, बाहेर येताना पुठ्ठ्याचं खोकं. ओळखपत्र दारातच काढून घेत. मिलिंदला त्याच्या कंपनीने बिनपगारी रजेवर घरी बसवलं होतं आणि त्याचा लॅपटॉपही परत घेतला होता. लेक ईशा पाच वर्षांची, केजीत. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं आणि माझी नोकरी गुरुवार ते गुरुवार.

जानेवारीतल्या एका गुरुवारी एफुआला बोलावलं. चार दिवसांनी तिचं विमान होतं. कंपनीची खोली सोडायची होती, गावी वडील आजारी होते, आणि कथा पाठवायची मुदत फेब्रुवारीअखेर. ती दोन बोटांनी टाइप करणारी बाई. वहीची झेरॉक्स काढावी म्हटलं, तर त्या आठवड्यात मशीनला कोड बसवले होते आणि प्रत्येक पान कुणी काढलं याची यादी वर जात होती.

"वही माझ्याकडे दे," मी म्हटलं. "आठवड्यात टाइप करून त्यांना ईमेल करते. नंतर वही कुरिअरने तुझ्या घरी."

हे मी आपण होऊन म्हटलं. तिने मागितलं नव्हतं.

तिने वही दिली, पण लगेच सोडली नाही. "ट्रान्समिटल?" ती म्हणाली. मी खरोखर फॉर्म काढला आणि भरला. पाठवणार, एफुआ. घेणार, मेधा. वस्तू, हिरवी वही एक, कथा एक, पानं अडतीस. खाली मी सही केली आणि 'मिळाले'चा शिक्का मारला. पोचपावतीची प्रत तिने घडी करून पर्समध्ये ठेवली.

रविवारी जेवणाच्या सुट्टीत मी टाइप करायला बसले. अकरा पानं झाली. मी टाइप करता करताच वाचत होते. पुढचं आधी चाळून बघायचं नाही, ही कामातली जुनी सवय. अकराव्या पानावर धुकं उतरायला लागलं होतं आणि मागून आयटीतला पोरगेला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, लंच में भी काम? यल्ला, खाना खाओ पहले." एवढंच. त्याने स्क्रीनकडे पाहिलंही नसेल. पण मला तेवढं पुरलं. मी फाइल बंद केली, मग डिलीट केली, मग डिलीट केलेल्या फाइलींच्या टोपलीतूनही काढून टाकली. घरी येऊन मिलिंदला सांगितलं, तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? ऑफिसच्या मशीनवर कथा? हे दिवस काय आहेत! महिनाभर थांब." तो चुकत नव्हता. फक्त महिना माझा नव्हता, एफुआचा होता.

शहरात सायबर कॅफे होते. हे मला आज सुचतंय असं नाही, तेव्हाही सुचलं होतं. एक तर आमच्याच गल्लीत होता, लाँड्रीच्या शेजारी. ईशाचा हात धरून मी त्याच्यावरून रोज जात होते. आज दमले, उद्या ईशाला ताप आहे, परवा शुक्रवार. सबबींना काय तोटा!

मग टेबलं तपासायला सुरुवात झाली. नंबर नसलेला प्रत्येक कागद कापायच्या मशीनमध्ये जाणार, असा हुकूम निघाला. आणि मी जे केलं ते माझ्या धंद्यातलं माणूसच करू शकतं. वही पिशवीत घालून घरी न्यायची सोडून मी तिला नंबर दिला. एफुआ ज्याचं मोजमाप करत होती त्याच टॉवरच्या फायलीत, 'सर्वसाधारण पत्रव्यवहार' या मथळ्याखाली, रीतसर नोंद करून ठेवली. नंबर दिलेला कागद हरवत नाही, यावर माझा देवासारखा विश्वास होता. पुढच्या आठवड्यात ईशाच्या आजारपणात मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तेव्हा स्थगित टॉवरांची सगळी खोकी सीलबंद होऊन दुबईला, अल क्वोजच्या गोदामात गेली होती. खोकं परत मागवायला मॅनेजरच्या सहीचा अर्ज लागायचा आणि त्यात कारण लिहावं लागायचं. तो अर्ज मी दोनदा भरला. दोनदा फाडला.

फेब्रुवारीच्या शेवटी तिचा फोन आला. मी बसथांब्यावरून चालत होते. धुकं इतकं, की माझाच हात मला अंधुक दिसत होता.

"सिस्टर, पाठवलीस?"

"पाठवली," मी म्हटलं.

तिने देवाचे आभार मानले. मग माझे मानले. मग विचारलं, "कशी वाटली?" मी म्हटलं, "खूप छान." आयुष्यात मी यापेक्षा मोठी खोटी कामं केली असतील, पण इतकं सहज काही केलेलं आठवत नाही. ट्रान्समिटल नाही, सही नाही, शिक्का नाही. एका शब्दात काम झालं.

उन्हाळ्यात तिने पुन्हा फोन केला. त्यांचं काही उत्तर? नाही आलं, मी म्हटलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. ती म्हणाली, "मग नाही आवडली त्यांना. एक ओळ लिहायच्यासुद्धा लायकीची नसेल." तेव्हा बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. वही परत पाठवशील का, असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, "इन्शाल्ला." देवाचं नाव घेऊन लोक इथे मनापासून वायदे करतात आणि पाळतात, मी त्याच नावाआड लपले. तिला कळलं असणार. तिने परत कधी मागितली नाही. हळूहळू फोनही थांबले.

माझी नोकरी टिकली. मिलिंदला दुसरी लागली. थांबलेल्या क्रेन फिरायला लागल्या, आम्ही रीमवर राहायला आलो. मधल्या काळात जुनी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि मुदत संपलेली खोकी नष्ट केल्याचं पत्र आलं. ते पत्रही मीच फाइल केलं, नंबर देऊन. एकदा दुबईला गेले असता मुद्दाम अल क्वोजला गाडी वळवली. गोदामाच्या जागी चित्रांचं प्रदर्शन होतं आणि उत्तम कॉफी मिळत होती. मी ती न संपवता निघाले.

गेल्या महिन्यात ईशा सुट्टीवर आली. ती बाहेर शिकते, साहित्य. डायनिंग टेबलावर तिचं एक जाडजूड पुस्तक पडलं होतं. मुखपृष्ठावर समुद्रातून वर येणारं शहर. आफ्रिकन आणि जगभर पांगलेल्या आफ्रिकन लेखकांच्या कल्पित जगांच्या कथा. मी ते उचललं.

"आई, यू वोन्ट लाइक इट, इट्स ऑल स्पेसशिप्स अँड स्पिरिट्स," ईशा म्हणाली.

मी आठ दिवस ते पुस्तक वाचलं. एका कथेत नदी आपली वाट विसरते म्हणून गावकरी तिला वाट शिकवायला बसतात. दुसरीत मेलेले आजोबा ट्रॅफिक सिग्नलवर उभे राहून नातवंडांच्या गाड्या अडवतात. चंद्रावर कायमची निघालेली बाई सामानाचं वजन जास्त झालं म्हणून सगळं काढून टाकते, मिरचीच्या पुडीचा डबा तेवढा ठेवते. वाचता वाचता मी थांबायची. भारतातून येताना गोड्या मसाल्यासाठी मी माझी दोन पुस्तकं विमानतळावर काढून ठेवली होती. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या चंद्रावर येऊन राहिलोय, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

आणि शेवटून तिसरी कथा एफुआची होती. धुक्याची नाही, वेगळीच. एका शाळेत मुलांना अजून न बांधलेल्या शहराचा नकाशा पाठ करायला लावतात, आणि प्रत्येक मुलाला त्यात आपलं घर कुठे आहे ते ठाऊक असतं. सुंदर कथा आहे. तिच्या हसण्याचा आवाज मला वाक्यावाक्यात ऐकू आला. मी इतकी आनंदले की ईशाला हाक मारणार होते. मग मागच्या पानांवरची लेखकांची ओळख वाचली. "एफुआ शाळेत गणित शिकवते. तरुणपणी आखातात नोकरीला होती. पहिली कथा नाकारली गेल्यावर नऊ वर्षं तिने काही लिहिलं नाही."

नाकारली गेल्यावर. मी ते वाक्य परत परत वाचलं. ती कथा कुणी नाकारली नव्हती. ती कुणापर्यंत पोचलीच नव्हती. नऊ वर्षं, एका शब्दापायी. आणि तो शब्द बोलून मी ऑफिसात गेले होते, आल्याचा चहा घेतला होता आणि नकाशांवर शिक्के मारले होते.

प्रकाशकाच्या पत्त्यावर मी तिला पत्र पाठवलं. नोकरीची भीती, वहीला दिलेला नंबर, खोकं, गोदाम, फोनवरचं खोटं, सगळं लिहिलं. तुला कुणी नाकारलं नाही, मी पाठवलीच नाही, हे तीनदा लिहिलं. टाइप करायला घेतली होती, असंही लिहिलं. कुठे थांबले, ते लिहिलं नाही. इतक्या वर्षांनी कबुलीजबाब द्यायला बसले आणि तोही अपुरा दिला.

परवा तिचं उत्तर आलं, ईमेलने.

"सिस्टर मेधा, मी दोन दिवस तुझ्यावर भयंकर चिडले होते. अजूनही थोडी चीड आहे, ती राहू दे. मग आठवलं, त्या हिवाळ्यात आपण सगळेच किती घाबरलो होतो. मी त्या संपादकांना नऊ वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या, आता त्यांची माफी मागते. तुझी ती पोचपावती माझ्याकडे अजून आहे, शिक्क्यासकट. ती कथा मी पुन्हा लिहायला घेणार आहे. धुकं आठवतं, कार्यालय आठवतं, अराबा तर आठवतेच. पण शेवट मी तीन लिहिले होते, दोन खोडले, आणि कोणता ठेवला ते काही केल्या आठवत नाही. इतकी वर्षं वाटायचं, माझ्या कथेला वाचकच मिळाला नाही. पण तू होतीस. तू वाचलीस, तुला आवडली होती. एक वाचक म्हणजेही वाचकच. सांग ना, अराबाने आईला उत्तर दिलं का?"

काल रात्रीच्या जेवणाला मी मिलिंदला हे वाचून दाखवलं. त्याने भात कालवायला घेतला. मग म्हणाला, "कुठलाही एक शेवट सांग ना. दिलं म्हण. तिला बरं वाटेल." चांगल्या मनाने म्हणाला. आणि मला ते जमलं असतं, हीच तर भीती आहे. एका शब्दाचंच काम होतं, आणि ते मला येतं.

सकाळपासून लॅपटॉप उघडा आहे. अकराव्या पानावर अराबा खिडकीशी बसलेली आहे. तिने नोंदवही उघडली आहे, पेनचं टोपण काढलं आहे, बाहेर धुकं उतरायला लागलं आहे. तिथून पुढची सत्तावीस पानं जगात एकाच माणसाच्या हातात होती, आणि त्या माणसाने ती उलटूनही पाहिली नाहीत. वही माझ्या टेबलाच्या खणात दहा दिवस होती. वाचायला तासभर लागला असता. त्याला ऑफिसचं मशीन लागत नव्हतं, कोड लागत नव्हता, कुणाची सही लागत नव्हती.

शेवटी एवढंच लिहिलं: "एफुआ, मला माहीत नाही. मी अकराव्या पानापुढे वाचलीच नव्हती." लिहून झाल्यावर ते वाक्य मोठ्याने वाचलं, बाल्कनीचं दार उघडं ठेवून. परत ऐकायचंच असेल, तर पुढच्या वर्षी निदान हे ऐकू येऊ दे.

साडेदहाला समोरचा टॉवर परत आला. मागोमाग मिलिंदचा फोन. "लिहिलंस का तिला?"

"पाठवलं," मी म्हटलं. या वेळी खरंच पाठवलं होतं.